बिनपालिकेच्या गावात दाद कुणाकडे मागायची? (अमेरिकेतल्या अनइन्कॉर्पोरेटेड वस्त्या)

पारिजात (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. हा धागा लांबणार आहे, कारण विषय समजायला मला स्वतःला पाच-सहा वर्षं लागली.

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. घर घेतलं तेव्हा पत्त्यात गावाचं नाव होतं, झिप कोड होता, पोस्ट ऑफिस, वाचनालय, शाळा सगळं होतं. या गावाला महापौर नाही, नगरपालिका नाही, खरं तर कायद्याच्या नजरेत हे गावच नाही, हे मला पहिली चार वर्षं माहीतच नव्हतं. कळलं ते एका रस्त्यामुळे.

आमच्या वसाहतीतल्या मुलांना प्राथमिक शाळेत जायला एक चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो. तिथे ना झेब्रा पट्टे होते, ना दिवे. एका सकाळी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीपासून हातभर अंतरावर गाडी करकचून थांबली. तिला काही झालं नाही, पण तो ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच आठवड्यात मी एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) बैठकीला गेले. पुढच्या महिन्यात परत गेले. असं दीड वर्ष. ते लोक वाईट नव्हते, ऐकून घेत होते, नोंद करत होते. पण तो रस्ता त्यांच्या अखत्यारीत नव्हताच, आणि हे स्पष्टपणे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी धरूनच चालले होते की गावाचा कारभार म्हणजे एचओए.

आता जे कळलंय ते लिहिते.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते, साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. काउंटीच्या पोटात ज्या गावांनी राज्याकडून सनद घेऊन स्वतःची पालिका स्थापन केली ती इन्कॉर्पोरेटेड. बाकीचा सगळा भाग अनइन्कॉर्पोरेटेड. त्याला मी बिनपालिकेचं गाव म्हणते. अशा गावाचं सरकार म्हणजे थेट काउंटी. नकाशावर दिसणारी त्याची हद्द बहुतेक वेळा जनगणना खात्याने आकडेवारीच्या सोयीसाठी आखलेली असते. त्या हद्दीवर कुणाचीही सत्ता चालत नाही. पोस्टाची हद्द आणखी वेगळी.

लाउडन काउंटीचं उदाहरण घ्या, तिथे आपली मराठी माणसं भरपूर आहेत. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या ४ लाख २० हजारांच्या घरात. पालिका असलेली गावं फक्त सात: लीसबर्ग, पर्सेलव्हिल, हॅमिल्टन, हिल्सबरो, लव्हेट्सव्हिल, मिडलबर्ग आणि राउंड हिल. अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग, ब्रॅम्बल्टन ही सगळी बिनपालिकेची. अ‍ॅशबर्नमध्ये ४६ हजारांहून अधिक लोक, जगभरात नाव झालेली डेटा सेंटर्स, पण नगरसेवक एकही नाही. हिल्सबरोत मात्र जेमतेम शंभरभर माणसं आणि त्यांना स्वतःचा महापौर.

मग अ‍ॅशबर्नच्या माणसाचं प्रतिनिधित्व कोण करतं? काउंटीचं नऊ जणांचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. आठ जण आठ मतदारसंघांतून येतात, अध्यक्ष सगळ्या काउंटीतून. चार वर्षांनी निवडणूक, तीही विषम वर्षी, २०२३ ला झाली तशी. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीला रांगा लावणारे आपण त्या वर्षी फिरकतही नाही. शाळांसाठी वेगळं निवडून आलेलं मंडळ. पोलिसांच्या जागी निवडून आलेला शेरीफ. आणि रस्ते? व्हर्जिनियात १९३२ पासून काउंट्यांमधले बहुतेक सार्वजनिक रस्ते राज्याच्या वाहतूक खात्याकडे आहेत. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. म्हणजे ज्या रस्त्यासाठी मी एचओएकडे दीड वर्ष खेटे घातले, तो राज्याचा निघाला.

शेवटी शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं, तुझ्या मतदारसंघाच्या सुपरवायझरच्या कार्यालयात फोन कर. केला. आठ दिवसांत उत्तर आलं. पुढे वाहतुकीची मोजणी, सार्वजनिक सुनावणी, निधी, यात दोन वर्षं गेली, पण आज तिथे पट्टेही आहेत आणि बटण दाबून लागणारे दिवेही.

तुम्ही जिथे राहता तिथे ही व्यवस्था कशी आहे, ते लिहा. माझ्यासारखं चुकीच्या दारात कुणी दीड वर्ष उभं राहू नये, एवढ्यासाठी हा धागा.

दुर्वांकुर

फार उपयोगी लेख. मी अ‍ॅशबर्नमध्येच आहे आणि आजवर "आमचा महापौर कोण" हे कधी शोधलंच नव्हतं. एक शंका: लीसबर्गवाल्यांना मग काउंटीचा कर लागत नाही का?

पारिजात

दुर्वांकुर, लागतो. लीसबर्गचे लोक टाउनचाही कर भरतात आणि काउंटीचाही. बदल्यात त्यांना टाउन कौन्सिल आहे, स्वतःचे पोलीस आहेत, आणि मतं दोन्हीकडे आहेत. व्हर्जिनियात "टाउन" काउंटीच्या पोटात असतं, पण "सिटी" काउंटीपासून पूर्ण स्वतंत्र असते. फेअरफॅक्स सिटी चारही बाजूंनी फेअरफॅक्स काउंटीने वेढलेली आहे आणि तरी तिच्या कारभारात काउंटीच्या बोर्डाला अधिकार नाही. दुसऱ्या राज्यांतून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

सह्यकडा

पारिजातताई, टेक्सासची गोष्ट तुमच्यापेक्षा बरीच वेगळी आहे. मी ह्यूस्टनच्या वायव्येला, सायप्रसला राहतो. हॅरिस काउंटीत कुठल्याही शहराच्या हद्दीबाहेर राहणारे लोक २० लाखांहून जास्त आहेत. त्यांचं एक शहर केलं तर देशातल्या मोठ्या शहरांच्या पंगतीत बसेल.

तुमच्याकडे काउंटीच्या हातात निदान झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल ते ठरवणं) आहे. टेक्सासमध्ये काउंटीला फार थोडे अधिकार दिलेत. सर्वसाधारण नियम करायचा अधिकार नाही, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर गोदाम येणार की दुकान, हे ठरवायचा अधिकारही मोजकी ठिकाणं सोडली तर नाही. काउंटी चालवतं ते "कमिशनर्स कोर्ट". नावात कोर्ट असलं तरी ते न्यायालय नाही. चार कमिशनर आणि एक काउंटी जज, असे पाच जण. हॅरिसची वस्ती ४७ लाखांवर. म्हणजे एका कमिशनरच्या वाट्याला जवळपास १२ लाख माणसं.

मग पाणी, सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा कोण करतं? तिथे येतं एमयूडी, सगळे नुसतं "मड" म्हणतात. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. बिल्डर शेतजमीन घेतो, राज्याच्या पर्यावरण आयोगाकडून किंवा विधिमंडळाकडून मड स्थापन करून घेतो, ते मड रोखे काढून नळ आणि गटारं टाकतं, आणि ते कर्ज पुढची २०-२५ वर्षं घरमालक प्रॉपर्टी टॅक्समधून फेडत राहतात. पाच संचालक असतात आणि ते निवडून यायचे असतात.

सुरुवातीला जिथे वस्तीच नसते तिथे मतदार कुठून आणायचे? काही ठिकाणी मोकळ्या माळावर फिरत्या घरांमध्ये दोन-चार जणांना राहायला आणतात, आणि त्यांच्या मतांवर कोट्यवधी डॉलरचे रोखे मंजूर होतात. टेक्सासच्या वर्तमानपत्रांत याबद्दल बरंच लिहून आलंय. हे कायद्यात बसतं. पण पुढे हजारो कुटुंबं तिथे राहायला येतात आणि त्या दोन-चार मतांचं कर्ज फेडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी स्वतः आमच्या मडच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रेक्षकांत मी एकटाच होतो. दुसऱ्या खुर्चीवर माझी पिशवी. संचालकांनी बैठक थांबवून विचारलं, काही तक्रार आहे का? म्हटलं, तक्रार नाही, ज्यांना मी दरवर्षी कर भरतो त्यांना बघायला आलोय. त्या दिवशी त्यांनी अंदाजपत्रक माझ्यासमोर पान-पान उलगडून दाखवलं.

ओंजळ

सह्यकडा, "पिशवी" वाचून गलबलले. आमच्याकडेही तेच चित्र असतं.

मावळतीर

प्रश्न: मग तुम्ही सायप्रसची पालिका का करत नाही? इतकी माणसं, इतका कर, स्वतःचं शहर झालं तर बरं ना?

सह्यकडा

मावळतीर, साधं वाटतं पण नाही. पहिलं म्हणजे ह्यूस्टनच्या हद्दीबाहेरच्या पाच मैलांच्या पट्ट्यावर शहराचा एक प्रकारचा हक्क असतो, त्याला ईटीजे म्हणतात. त्या पट्ट्यात नवं शहर काढायचं तर ह्यूस्टनची संमती लागते. पूर्वी शहर लोकांना न विचारता आजूबाजूचा भाग गिळायचं. १९९६ मध्ये किंगवूड असंच ह्यूस्टनमध्ये घेतलं गेलं. तिथले लोक अजून त्याबद्दल बोलतात. २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी सक्तीचं सामीलीकरण बंद केलं. आता लोकांची संमती लागते. २०२३ मध्ये तर ईटीजेमधून अर्ज करून बाहेर पडायची सोयही झाली.

दुसरं म्हणजे लोकांनाच नको असतं. ह्यूस्टनच्या उत्तरेला असलेल्या द वुडलँड्सला २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये शहर व्हायचं का, यावर मतदान झालं आणि सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नाही म्हटलं. त्यांच्याकडे टाउनशिप नावाचं एक स्पेशल डिस्ट्रिक्ट (ठराविक सेवांपुरती स्थानिक संस्था) आहे, सात निवडून आलेले संचालक, बागा, कचरा, अग्निशमन सगळं नीट चाललंय. शहर झाल्यावर रस्ते आणि पोलीस स्वतःच्या खर्चाने आले असते, कर वाढले असते. मी तिथे असतो तर काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, मीही नाहीच म्हटलं असतं.

ताम्हण

मी उलट बाजूची. कॅलिफोर्नियात माउंटन हाउसला राहते, ट्रेसीच्या शेजारी. २००३ पासून इथे घरं उभी राहायला लागली. पाणी, बागा वगैरे कम्युनिटी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट (अशीच ठराविक सेवांपुरती स्थानिक संस्था) बघायचा, त्याचं पाच जणांचं मंडळ आम्ही निवडायचो. पण जमिनीच्या वापराचे निर्णय व्हायचे स्टॉकटनला, सॅन होआकिन काउंटीच्या बोर्डात. गावात दुकानं कुठे यावीत, पेट्रोल पंप कुठे, हे ठरवणाऱ्या पाचांपैकी चौघांना आमच्या मतांची गरजच नव्हती.

२०२४ च्या मार्चमध्ये सार्वमत झालं. दहातल्या नऊ जणांनी होकार दिला, आणि १ जुलै २०२४ ला माउंटन हाउस शहर झालं. त्याआधी २०११ मध्ये हुरुपा व्हॅली झालं होतं. मधली १३ वर्षं कॅलिफोर्नियात एकही नवं शहर नाही. कारण पैशाचं आहे. नव्या शहरांना वाहन परवाना शुल्कातून जो वाटा मिळायचा तो राज्याने २०११ मध्ये काढून घेतला. त्यानंतर नव्या शहराचं गणितच जुळेना. आमच्या सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टने आधीच विशेष कर लावलेले होते म्हणून आमचं जुळलं.

इथे नवं शहर करायला लाफ्को नावाच्या आयोगाची परवानगी लागते, १९६३ पासून प्रत्येक काउंटीत तो आहे. तो विचारतो, उत्पन्न किती, खर्च किती. ईस्ट लॉस एंजेलिसचे लोक किती दशकं झगडताहेत! तिथे सव्वा लाखाच्या आसपास वस्ती, बहुतेक लॅटिनो कष्टकरी. २०१२ मध्ये लाफ्कोने नाही म्हटलं, खर्च पेलणार नाही म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे मोठी दुकानं, मॉल आहेत त्यांना स्वतःचं शहर मिळू शकतं, आणि नाहीत त्यांनी काउंटीच्या दारात उभं राहायचं. हा मला सरळ अन्याय वाटतो. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी माणसं आणि सुपरवायझर पाच. एकाच्या मागे २० लाख! २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी ही संख्या नऊ करायला मंजुरी दिलीय, तरी अकरा लाखांच्या आसपास माणसांमागे एक.

सांजवारा

लास वेगासची माहिती कुणी दिली नाही म्हणून लिहितो. आपण ज्याला वेगास म्हणतो, ती कॅसिनोंची झगमग स्ट्रिप, तिचा बहुतेक भाग लास वेगास शहरात नाहीच. विमानतळही नाही. ते सगळं आहे पॅराडाइज नावाच्या बिनपालिकेच्या टाउनमध्ये. १९५० मध्ये शहर स्ट्रिप आपल्यात ओढायला निघालं, तेव्हा कॅसिनोवाल्यांनी शहराचा कर टाळण्यासाठी काउंटीकडून हे टाउन करून घेतलं. आज तिथे १ लाख ९० हजारांवर लोक राहतात. निर्णय घेतात क्लार्क काउंटीचे सात कमिशनर. पॅराडाइजला स्वतःचं म्हणून आहे ते एक सल्लागार मंडळ; बांधकामांच्या अर्जांवर ते मत देतं, शेवटचा शब्द काउंटीचा.

मी सहा वर्षं तिथे एका हॉटेलात काम केलं. स्वयंपाकघरातल्या माझ्या सहकाऱ्यांची घरं स्ट्रिपच्या मागच्या गल्ल्यांत होती. कर वाचवायला आखलेल्या हद्दीच्या आत ती माणसं राहतात आणि त्यांच्या गल्लीतल्या दिव्यांचा प्रश्न न्यायला नगरसेवक नाही.

भीमाकाठ

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गट ग्रामपंचायतीचा माजी सदस्य. अमेरिकेत कधी गेलो नाही, पण धागा पहिल्या ओळीपासून वाचतोय, कारण यातलं सगळं ओळखीचं वाटतंय.

आमच्या गट ग्रामपंचायतीत दोन महसुली गावं आणि सात वाड्या-वस्त्या. महसुली गावाला नकाशा, गावठाण, तलाठी असतो. वस्तीला बहुतेक वेळा यातलं स्वतःचं काही नसतं. ती कुठल्या तरी गावच्या सातबाऱ्यावर, कुठल्या तरी प्रभागात बसवलेली. प्रभाग मोठ्या गावातल्या दोन आळ्या आणि लांबची एक वस्ती मिळून असला, तर सदस्य आळीतला निवडून येतो. वस्तीतला माणूस उभा राहतो, पडतो. माझी वस्ती चाळीस घरांची. मी निवडून आलो तो आळीतल्या मामांच्या मतांवर, नाहीतर आजवर वस्तीतला कुणी सदस्य झालेला नव्हता.

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्याकडे कुणी लिहिली नाही. ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद, निवडून यावं लागत नाही. आमच्या वस्तीचा पाण्याच्या टाकीचा ठराव मी सदस्य व्हायच्या आधी ग्रामसभेतच झाला. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या वस्तीतून त्या दिवशी ५२ जण गेले, त्यातल्या बायका तीस. आदल्या महिला सभेत त्यांनी विषय लावून धरला होता, म्हणून तो दुसऱ्या दिवशी टाळता आला नाही.

तुमच्या बिनपालिकेच्या गावात असं सगळ्यांनी एकत्र बसायचं ठिकाण आहे का?

पारिजात

भीमाकाठ दादा, तुमच्या प्रश्नाने मी दोन दिवस विचारात आहे. खरं उत्तर: नाही. काउंटीच्या बैठकीत नागरिकांना बोलायची वेळ असते, दोन-तीन मिनिटं. तुम्ही बोलता, ते ऐकतात. पण तिथे जमलेल्यांना ठराव करता येत नाही.

कवडसा

न्यू इंग्लंडमध्ये आहे की! मॅसॅच्युसेट्समध्ये बिनपालिकेची जागाच नाही, सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या टाउनची किंवा सिटीची. मी अ‍ॅक्टनला राहतो. आमच्याकडे ओपन टाउन मीटिंग असते. नोंदणी केलेला कुठलाही मतदार शाळेच्या सभागृहात येऊन अंदाजपत्रकावर मत देऊ शकतो. भीमाकाठ यांच्या ग्रामसभेचं हे जवळचं भावंड. न्यू जर्सीवाल्यांनीही नोंद घ्यावी, तिथेही ५६४ पालिका मिळून सगळं राज्य व्यापलेलं आहे. एडिसन, पार्सिपनी ही पोस्टाची नावं नाहीत, त्या खऱ्या टाउनशिप आहेत, स्वतःच्या महापौरासकट.

मावळतीर

भीमाकाठ, मी हिंजवडी परिसरात राहतो. आयटी पार्क, उंच इमारती, मेट्रोचे खांब, आणि तरी कारभार ग्रामपंचायतीचा. उद्योगक्षेत्राचं नियोजन एमआयडीसीकडे, बाकी परिसराचं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), घराच्या दारात सोसायटी. आमच्या रस्त्यावर दिवे लावून घ्यायला मी तीन कार्यालयं हिंडलो, कुठली ते लिहीत नाही. पारिजातताईंचा रस्ता आणि माझा रस्ता एकच आहे असं वाटलं वाचताना.

शेजारच्या काही गावांना महापालिकेत जायचंय, काहींना नकोय. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं बघा: १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत, २०२० मध्ये त्यातली १८ बाहेर काढायचा निर्णय आणि तो उच्च न्यायालयात रद्द. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, पुढे त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची वेगळी नगरपरिषद झाली. या सगळ्यात गावकऱ्यांचं रीतसर मतदान एकदाही झालं नाही. हरकती-सूचना मागवतात, बस. टेक्सासने २०१९ मध्ये लोकांची संमती घालून दिली हे वाचून हेवा वाटला.

ओंजळ

आता मी माझा मुद्दा मांडते, तो मला फार जवळचा आहे.

एचओएला आपण गावाचं सरकार समजतो, पण तिथे मत माणसाला नसतं, घराला असतं. एक घर, एक मत. भाडेकरूला मत नाही. नवरा-बायकोचं मिळून एकच. काउंटीच्या निवडणुकीत नागरिक असेल तर मत, नाहीतर नाही. आता आपल्या एच-१बीवरच्या माणसांचा विचार करा. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं, मुलं इथल्या शाळेत, कर इथे. घर असेल तर एचओएत मत, घर भाड्याचं असेल तर कुठेच नाही.

मी मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला राहते. ८० हजारांवर वस्ती, बिनपालिकेची. प्रतिनिधी म्हणजे माँटगोमेरी काउंटी कौन्सिलचे ११ जण: सात मतदारसंघांतले, चार सगळ्या काउंटीचे. अगदी लागून टाकोमा पार्क आहे, तिथे पालिका आहे. आणि तिथे १९९२ पासून पालिकेच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही मत आहे! माझी मैत्रीण एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असताना तिथे मत देऊन आली, मी दीड मैलावर राहून देऊ शकले नाही. का? तर माझ्या गावाला पालिकाच नाही, त्यामुळे पालिकेची निवडणूकच नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा बिनपालिकेचं असणं म्हणजे काय ते लागलं.

कवडसा

ओंजळ, हे माहीत नव्हतं. पण एक भर घालतो: मत नसलं तरी काउंटीच्या सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. समित्यांवरही अनेक ठिकाणी रहिवासी असणं पुरतं.

ओंजळ

बरोबर, आणि मी तेच करते. आमच्याकडे सिल्व्हर स्प्रिंगचं नागरिक सल्लागार मंडळ आहे, काउंटी नेमते. त्याच्या बैठका खुल्या असतात. चार वर्षांत मी अकरा वेळा बोलले. पहिल्या वेळी हात इतका थरथरत होता की कागद वाचता येईना. वाचनालयाच्या संध्याकाळच्या वेळेबद्दल बोलले होते.

सह्यकडा

ताम्हण, तुमच्या "अन्याय" या शब्दाबद्दल बोलायचं राहिलं. सुरुवातीला मला तो जास्त वाटला. पण आमच्याकडेही तेच आहे हे लक्षात आलं. नवी, श्रीमंत मड आणि ४०-५० वर्षांपूर्वीची जुनी मड, यांत पाण्याचा दर, नळांची स्थिती, पूर आल्यावर पंप चालतात की नाही, सगळ्यात फरक आहे. २०१७ च्या हार्वी वादळात आमच्या भागातल्या शेजारशेजारच्या वस्त्यांचे हाल वेगवेगळे झाले. काउंटीला सगळीकडे सारखं बघता येईल एवढे अधिकारच दिलेले नाहीत. तुमचा शब्द बरोबर आहे.

केवडा

नवीन सभासद, पहिलीच पोस्ट. आम्ही पुढच्या महिन्यात जॉर्जियात फोर्साइथ काउंटीत घर बघायला जातोय. पत्ता कमिंग म्हणून येतो. हा धागा वाचून छातीत धस्स झालंय. घर घेण्याआधी नेमकं काय विचारावं? कुणीतरी सांगा.

पारिजात

केवडा, घाबरू नका, बिनपालिकेच्या गावात लाखो माणसं सुखाने राहतात, मीही राहते. फोर्साइथमध्ये पालिका असलेलं शहर कमिंग हे एकच, आणि पत्त्यात कमिंग लिहिलेली बहुतेक घरं त्या शहराबाहेर, थेट काउंटीत आहेत. त्यामुळे पहिल्यांदा काउंटीच्या संकेतस्थळावर नकाशात ते घर टाकून बघा: शहरात की बाहेर, आणि तुमचा कमिशनर कोण. मग घरासमोरचा रस्ता कुणाचा ते विचारा: काउंटीचा, राज्याचा, की खासगी. खासगी असेल तर डांबर तुमच्या एचओएच्या वर्गणीतून पडणार. एचओए अजून बिल्डरच्या ताब्यात आहे का आणि रहिवाशांकडे कधी येणार, हे लेखी घ्या. बिल्डरच्या ताब्यात असेतो तुमच्या मताला फारसा अर्थ नसतो. शेजारी मोकळी जागा असेल तर तिचं झोनिंग बघा, "तिथे बागच येणार" या एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

सह्यकडा

आणि टेक्सासला येणाऱ्यांसाठी: विक्रेत्याने मडची नोटीस द्यायचा कायदा आहे, सही करण्याआधी ती नीट वाचा. त्यात कराचा दर आणि रोख्यांची रक्कम दिलेली असते.

भीमाकाठ

केवडाताई, राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यातच एखाद्या बैठकीला जाऊन या. कामासाठी नको, नुसतं बसायला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका नव्या सुनेला ग्रामसभेला घेऊन जातात, सरपंचाने तोंड ओळखावं म्हणून.

केवडा

सगळ्यांचे आभार. नकाशात घर टाकून बघितलं, शहराबाहेरच आहे. कमिशनरचं नाव मिळालं. रस्त्याचं एजंटला आत्ताच विचारलंय, उत्तर आलं की इथे लिहिते.